सिंकपाशी पाठमोरे

दात अजून फार पांढरा होता. चिमट्यात धरून तिनं तो खिडकीच्या उजेडाकडे नेला, मग दिव्याखाली, मग पुन्हा खिडकीकडे — पोर्सेलिनचा, वरचा, पुढचा, डावा. कुठं खोट काढायला जागा नाही, आणि म्हणूनच खोटा. चिठ्ठीवर दंतवैद्यानं लिहिलं होतं, स्त्री, वय बावन्न, शेजारच्या दाताला उभी बारीक चीर, चहाचे डाग. म्हणजे ह्याही दाताला चीर हवी, केसाएवढी, आणि मुळाशी थोडा पिवळेपणा, बावन्न वर्षं काहीबाही चावत आल्याचा... ब्रशच्या टोकावर तिनं तपकिरी रंगाचा एवढासा कण घेतला आणि हात तिथंच राहिला. फोन टेबलाच्या खणात होता. खण बंद होता. बंद खणातही तो उजळत असणार, विझत असणार, पापण्या मिटल्या तरी आत बुबुळं फिरत राहतात तसा. अठरा हजार. सकाळी बसमध्ये बघितलं तेव्हा अठरा हजार लोकांनी माझ्या सिंकपाशी उभे असलेले ते दोघे बघितले होते.

प्रयोगशाळा म्हणायचं त्या जागेला, पण होती ती एक लांबट खोली. सहा टेबलं, सहा दिवे, कोपऱ्यात भट्टी, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकाला नंबर, प्रत्येक जबडा किंचित उघडा, आता काहीतरी बोलेल असा. एकोणीस वर्षं ती इथं दात रंगवत होती. समोरच्या टेबलावर प्लास्टर ओतणारे उस्ताद, साठीला आलेले, रोज पहिला साचा ठोकताना तेच म्हणायचे, की दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आणि आपलं बघा, अख्खं खानदान पोसलं. आज ते म्हणाले तेव्हा ती हसली नाही. उस्तादांनी चष्म्यावरून बघितलं आणि दाढ दुखतेय का, असं विचारलं. ती नाही म्हणाली. मग अक्कलदाढ असेल, ते म्हणाले, ती उशिरा येते आणि येताना छळते.

उशिराच आली, उस्ताद. तीसुद्धा काम झाल्यावर.

रविवारी धाकटा आला होता. तिचा भाऊ, सात वर्षांनी लहान, नऊ वर्षांनी समोर आलेला. दारात उभा राहिला तेव्हा तिला आधी दिसले ते कपाळावरून मागे सरकलेले त्याचे केस, बाबांच्याच वळणावर गेलेले, आणि मग त्याच्या मागे एक पायरी खाली उभा असलेला दुसरा, जो खाली राहूनही त्याच्याहून उंच होता. त्या दुसऱ्यानं आपलं नाव सांगितलं. नक्की सांगितलं, ओठ हललेले तिला आठवतात, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले आठवतात, आणि ते दिसू नयेत म्हणून हसताना तोंडावर गेलेला हात. पण नाव... नाव येत होतं त्या क्षणी ती बघत होती की त्यानं आपली छत्री मिटून नेमकी कुठं ठेवली. धाकट्याच्या छत्रीला टेकवून ठेवली. कोपऱ्यात दोन छत्र्या, एकीचं डोकं दुसरीच्या खांद्यावर. तिच्या छातीत काहीतरी हललं होतं, अगदी तसंच, जसं पडद्यावर बघताना हलतं.

पडद्यावर छत्री म्हणजे नुसती छत्री नसते, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तीन वर्षं ती त्या मालिका बघत होती — दोन मुलगे एकमेकांच्या प्रेमात पडतात त्या आशियाई मालिका, बारा-बारा भागांच्या. बाबा गेले त्या महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत, ह्याच टेबलाशी, दुसरं काहीतरी शोधताना पहिली लागली. पावसात एकानं धरलेली छत्री दुसऱ्याच्या बाजूला कललेली, आणि धरणाऱ्याचा स्वतःचा खांदा भिजतोय. त्या भिजलेल्या खांद्यावर ती इतकी रडली की डबा तसाच घरी गेला. मग कळत गेलं की हे सगळ्यांतच असतं. भिजलेला खांदा असतो, ताप येतो आणि कपाळावर ओला रुमाल येतो, दोघांच्या वाट्याला एकच खाट येते, कुणीतरी वाकून कुणाच्या तरी बुटाची नाडी बांधतो, एक थंड असतो आणि दुसरा ऊन, आणि अकराव्या भागात, काही केल्या अकराव्याच भागात, सगळं मोडतं, कारण बाराव्यात जुळायचं असतं. कळलं म्हणून रडू थांबलं नाही. आईच्या गाण्यांसारखंच होतं ते. आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना ओळीला ओळ जोडायची, पुढची ओळ कुठं जाऊन टेकणार ते आधीच ठाऊक असायचं, आणि ठाऊक असलेल्या जागीच ती येऊन टेकली की रडू यायचं...

गेला गेला माझा भाऊ, मागं ठेवली सावली
उंबऱ्याच्या आत बाई, ती गं मीच सांभाळली

सांभाळली. तिनं ब्रश पाण्यात बुडवला, पाणी तपकिरी झालं.

त्या मालिका बघणाऱ्या बायकांचा एक गट होता. चारशेच्या वर बायका, एकीनं दुसरीचं तोंड बघितलेलं नाही, सगळ्यांना टोपणनावं. हिचं नाव ‘छत्री’. दर शनिवारी नवा भाग आला की छत्री त्यावर लिहायची, आणि बाकीच्या म्हणायच्या की भाग नंतर बघू, आधी छत्रीचं वाचू. कुणाचा हात किती वेळ कुणाच्या मनगटावर राहिला, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, मागच्या भागातला निळा कप आता कुणाच्या टेबलावर आहे — सगळं तिला दिसायचं. दिसणारच. दिवसभर जी बाई दोन पांढऱ्यांमधला फरक शोधते, तिला काय दिसायचं राहणार. आणि मालिकेत बहीण आली की छत्रीच्या लिहिण्याला वेगळीच धार यायची. बहिणी दोन प्रकारच्या असतात: एक जी सगळ्यात आधी ओळखते आणि दार उघडून देते, आणि दुसरी जी घरी जाऊन सांगते. दुसरीला गट फाडून खायचा. तसल्या बाईला कुणी भाऊ देऊच नये, असं एकीनं लिहिलं होतं, त्यावर दोनशे जणींनी माना डोलावल्या होत्या, आणि छत्रीनंही — हो, मीही — त्याखाली लिहिलं, अगदी खरं.

पुढं कधीतरी कुणीतरी विचारलं, छत्री, तुला भाऊ आहे का गं? बहिणींबद्दल इतकं आतलं लिहितेस. तिनं लिहिलं, आहे. तोही असाच आहे. आणि मग बोटं थांबली नाहीत. मी आधी ओळखलं, मी त्याला जवळ घेतलं, बाबांसमोर मी उभी राहिले, बाबांनी ऐकलं नाही, तो गेला, मी अजून वाट बघते. एक-एक वाक्य मागच्या वाक्याच्या हातात हात घालून आलं. लिहून झालं तेव्हा ती खरोखर रडत होती. खाली इतकी हृदयं जमली की पडदा लाल झाला. त्या दिवसापासून गटात ती नुसती छत्री राहिली नाही, ती ‘तशी’ बहीण झाली.

...आणि मग रविवारी तो खरंच आला की. वाट बघणारीच्या दारात, सांगून, दुपारच्या जेवणाला.

जेवताना काही विशेष बोलणं झालं नाही. धाकटा बेकरीत पहाटेच्या पाळीला आहे, हे कळलं. हातांवर भाजल्याच्या बारीक खुणा होत्या, आडव्या, भट्टीतले ट्रे काढताना होतात तशा. तिनं आपल्या बोटावरची भट्टीची खूण दाखवली. भट्टीवाल्यांचं घराणं, असं तो म्हणाला आणि तिघंही हसले, हात तोंडावर नेऊन हसला तो उंच. उंच एका शाळेत मुलांना खेळ शिकवतो. तिथं कुणाला माहीत नाही, धाकटा ताटातला उकडलेला बटाटा सोलता सोलता म्हणाला, साल काढण्यात लक्ष असल्यासारखा. पालक कसे असतात तुला ठाऊकच आहे ताई, म्हणून रस्त्यानं आम्ही दोन पावलं अंतर ठेवून चालतो. हे त्यानं सांगितलं होतं. तिनं ऐकलं होतं. ऐकताना तिला ती दोन पावलं दिसली, रस्ता दिसला, संध्याकाळचा तिरपा उजेड दिसला, मधल्या अंतरावर पडलेल्या दोन सावल्या, ज्या मात्र एकमेकींत मिसळल्यात... किती सुंदर, असं तिच्या मनात आलं. भीतीची गोष्ट सांगत होता तो, आणि माझ्या मनात आलं, किती सुंदर.

“ताई, तू जेव ना,” तो मधेच म्हणाला. “आमच्याकडे काय बघत बसलीस.”

ती जेवली. जेवण झाल्यावर ते दोघे भांडी घासायला उठले, तिनं नको म्हटलं तरी उठले, आणि सिंकपाशी पाठमोरे उभे राहिले. उंच स्पंजावरून कुरकुरत होता, की पिळून ठेवत जा, किती वेळा सांगायचं, वास येतो. धाकटा म्हणत होता, हे तुझ्या शाळेचं मैदान नाही. मालिकेत असं कुणी बोलत नाही. मालिकेत भांडी असतात पण खरकटं नसतं. आणि मग धाकट्याच्या कानाला फेस लागला, हात ओले होते त्याचे, आणि उंचानं बोलता बोलताच, स्पंजाची तक्रार न थांबवता, आपल्या कोपरानं तो फेस पुसला. तिच्या हातात फोन होता. फोटो काढताना होणारा आवाज बंद होता. आपोआप नव्हता बंद, तिनं केला होता, सकाळीच, ते यायच्या आधी, टेबल पुसताना — का केला ते तेव्हा स्वतःला न सांगता.

चेहरे नव्हते ना त्यात. पाठी होत्या. तिनं नीट बघून घेतलं होतं, चेहरा नाही, घराचा नंबर नाही, खिडकीतून दिसणारं काही नाही. आणि खाली लिहिलं होतं: नऊ वर्षांनी. माझ्या घरात.

त्यानंतरचे दोन तास... चारशे बायका माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या. पाठीसुद्धा इतक्या गोड असतात का गं. उंच थंड, धाकटा ऊन, मी पैज लावते. उलटं आहे, कोपर बघ, कोपर थंड माणसाचं नसतं. छत्री, तू घाई केलीस, पुढच्या क्षणी त्यानं मागून मिठी मारली असणार. आणि खूप जणींनी नुसतं लिहिलं, धन्यवाद. म्हणजे खरंच असतं हे. आम्ही वेड्या नाही. हे वाचून तिला जे वाटलं होतं ते तिला आयुष्यात कशानं वाटलं नव्हतं, कुणी तिच्या हातचा दात लावून हसलं तरी नाही. ते दोघे अजून बाहेरच्या खोलीत बसलेले होते, आणि ती स्वयंपाकघरात, ओल्या स्पंजाशेजारी उभी राहून, त्यांच्याबद्दल वाचत होती.

मग सोमवारी सकाळी ‘मधलं बाक’. ह्या टोपणनावाची मुलगी गटात सगळ्यात हुशार. मालिकेतल्या अंगठीवरची अक्षरं मोठी करून वाचणारी, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरून गोष्ट कुठल्या महिन्यात घडतेय ते सांगणारी. ही विद्या तिला छत्रीनंच शिकवलेली. असं ती सगळ्यांना अभिमानानं सांगते. तिनं लिहिलं होतं, उंचाच्या शर्टावर पाठीवर छापलंय काहीतरी. मोठं करून बघितलं. वरची ओळ घडीत गेलीये पण शेवटची अक्षरं लागतात, खाली ‘क्रीडा विभाग’. ओळखा पाहू. आणि त्याखाली तिघी-चौघींनी खरंच ओळखायला घेतलं, हसत, प्रेमानं, शब्दकोडं सोडवावं तसं. एक म्हणाली, अगंबाई, ही तर आमच्या पलीकडच्या रस्त्यावरची शाळा वाटते.

आणि आज सकाळी बसमध्ये तो फोटो दुसऱ्याच एका पानावर, गटाच्या बाहेर, उघड्यावर, त्याला गाणं लावलेलं, फेस पुसणारं कोपर जवळ जवळ येत जाणारं. अठरा हजार.

चेहरे नव्हते... हे वाक्य ती कालपासून स्वतःला सांगत होती आणि ते तिला चिकटत नव्हतं. कारण चेहरा लागत नाही, हे ह्या खोलीतल्या कुणालाही विचारा. दंतवैद्य फोटो पाठवतात ते ओठ ताणलेल्या तोंडांचे, डोळे नाहीत, नाक नाही, नाव नाही, नुसता नंबर. तरी मागच्या वर्षी बसथांब्यावर एक अनोळखी बाई कुणाशी तरी बोलताना हसली आणि ही बस सोडून तिच्याकडेच बघत राहिली. वरचा, पुढचा, उजवा — कडेचा करडा ठिपका मीच ठेवलेला. त्या बाईचं तिला काहीच ठाऊक नव्हतं, पण ती जगात कुठंही तोंड उघडती तरी हिनं ओळखली असती. माणूस कुठल्याही तुकड्यावरून ओळखू येतो. हे मला पोटापाण्यासारखं माहीत आहे. तरी मी स्वतःला म्हटलं, पाठ आहे, पाठीला काय होतंय.

तिनं खण उघडला. ‘आजी’चा निरोप होता. आजी म्हणजे गट चालवणारी, वय कुणालाच माहीत नाही, पण सगळ्यांना रागे भरायचा हक्क असलेली. तिनं लिहिलं होतं, की आपल्याकडून काढून टाकला फोटो, मधल्या बाकाचे कानही उपटले, पण त्या दुसऱ्या पानापर्यंत माझा हात पोचत नाही, त्यांना विनवलंय. आणि खाली: भावाला सांगितलंस का गं?

तिनं लिहिलं, सांगितलं. हसला तो.

लगेच उत्तर आलं. “बरं झालं बाई. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.”

उस्ताद साचा ठोकत होते. ठक्, ठक्, मग थांबून बोट फिरवायचे, मग ठक्. तिला वाटलं आपण आत्ता हे लिहिलं ते ह्या खोलीतल्या सगळ्या जबड्यांनी वाचलं. किती सहज. सांगितलं, हसला तो — तीन शब्दांत तिनं भाऊ बनवला, नंबरप्रमाणे, हव्या त्या छटेत, आणि बसवून टाकला.

नऊ वर्षांपूर्वीही असंच सहज होतं. त्या दिवसाबद्दल तिनं स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलंय की मोठा प्रसंग होता तो, पण नव्हता. ती इस्त्री करत होती. बाबा रेडिओची बॅटरी बदलत होते. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि घरात कुणी ओळीला ओळ जोडत नव्हतं. धाकट्याच्या शर्टाच्या खिशात तिला चिठ्ठी सापडली होती, पोरानं पोराला लिहिलेली, कुणा तिसऱ्याच पोराची, तो पुढं कुठं गेला कोण जाणे. चिठ्ठीत होतं तरी काय, तर उद्या येतोस ना, आणि तुझा मफलर माझ्याकडे आहे. तिनं ती दोनदा वाचली. शर्टाला इस्त्री केली. घडी घातली. आणि मग म्हणाली, बाबा, मला एक सांगायचंय. काळजीनं म्हणाली. काळजीच होती ती, तिला अजूनही तसंच आठवतं. पण त्या काळजीच्या तळाशी दुसरं काहीतरी होतं, मुळाशी असतो तसा पिवळेपणा. की आता मला माहीत आहे. घरात सगळ्यात आधी मला कळलं. बाबांनी मान वर केली होती, नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे असं पूर्ण बघितलं होतं, आणि ते बघणं तिला... आवडलं होतं.

लोक हसतील, एवढंच बाबा म्हणाले. कुणी ओरडलं नाही. धाकटा बॅग भरत होता तेव्हा तिनं इस्त्रीचे शर्ट आणून दिले, त्यानं घेतले, ताई थँक्यू असं म्हणाला. कुणी सांगितलं ते त्याला कळलं होतं की नव्हतं, हे तिला आजतागायत माहीत नाही. रविवारीही त्यानं तो विषय काढला नाही. किंवा काढला असेल. ‘पालक कसे असतात तुला ठाऊकच आहे ताई’, हे म्हणताना त्यानं बटाट्यावरून नजर उचलली होती का? मी तेव्हा रस्ता बघत होते. तिरपा उजेड बघत होते.

जेवणाच्या सुट्टीत फोन पुन्हा उजळला आणि ह्या वेळी तो धाकटा होता. तिनं नाव बघितलं, फोन पालथा ठेवला, मग पुन्हा उलटा केला. पण निरोप साधा होता. ताई, पुढच्या रविवारी तू आमच्याकडे ये. बटाटे मात्र आम्ही सोलून ठेवू. त्याला तुझं दातांचं काम बघायचंय, विचारत असतो. आणि खाली एक हसणारा चेहरा, ज्याचे सगळे दात दिसतात.

त्याला माहीत नाही.

म्हणजे... अजून पुढचा रविवार आहे. तिनं डबा उघडला, बंद केला. लोक तीन दिवसांत विसरतात. दुसरी पाठ येईल, दुसरं कोपर येईल. आजीनं विनवलंय त्यांना. शाळेतले लोक कशाला बघायला जातायत असली पानं. आणि बघितलं तरी शर्ट काय, शंभर जणांकडे असेल. न सांगता पुढच्या रविवारी जाता येईल. त्यांचं घर बघता येईल, त्यांचं सिंक, त्यांच्या छत्र्यांची जागा. मी फोन घरी ठेवून जाईन. वचन. कुणाला वचन... किंवा सांगायचंच असेल तर असं फोनवर नको, जाऊन सांगावं, अचानक, पाऊस असावा, दार त्यानंच उघडावं, मी पायरीवर, केस भिजलेले, छत्री हातात असून उघडलेली नसावी, आणि मी काही बोलायच्या आधीच त्याला कळावं, तो एक पाऊल मागे सरावा, मागून उंच यावा, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा — आणि बरोबर तिथं ते व्हायोलिन...

तिनं चमचा खाली ठेवला.

हे काय करतेय मी. त्याच्या घराच्या पायरीवर कॅमेरा लावून बसले की. पाऊससुद्धा मागवला. त्या सगळ्या चित्रात भिजत होते ती मी, रडू यावं असं दिसत होते ती मी, आणि ज्याची नोकरी जाईल तो मागून येऊन नुसता हात ठेवत होता. तिला एकदम स्वच्छ दिसलं की गटातल्या त्या बायका तिच्या स्वयंपाकघरात रविवारी आल्याच नव्हत्या. त्या आधीपासून होत्या. इस्त्रीच्या टेबलापाशीही होत्या. बाबा एकटेच होते तेव्हा, एकच प्रेक्षक, पण तिनं सांगितलं होतं ते असंच, कुणीतरी आपल्याकडे मान वर करून बघावं म्हणून. तेव्हा द्वेषानं सांगितलं नव्हतं आणि आता तर प्रेमानं सांगितलं. ज्याचं सांगितलं त्याला दोन्ही वेळा सारखंच.

दुपारभर ती काम करत राहिली. दाताला चीर दिली, भाजला, थंड केला, शेजारच्या छटेशी लावून बघितला. उस्ताद येऊन उभे राहिले, जबड्यावर तो बसवून त्यांनी मान तिरकी केली आणि म्हणाले, हा आता कुणाच्याही तोंडात खपेल. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं की घरी काही झालंय का. तिनं सांगितलं, माझ्या हातून झालंय. उस्तादांनी हातावरचं वाळलेलं प्लास्टर नखानं काढलं. प्लास्टर ओलं आहे तोवर काय ते करून घ्यायचं, ते म्हणाले, मग करवत लागते. आणि आपल्या जागेवर गेले.

मागच्या जिन्यात प्लास्टरची पोती असतात. ती एका पोत्यावर बसली तसा पांढरा धुरळा उठला आणि तो खाली बसेपर्यंत तिनं धाकट्याचा नंबर लावला नाही. चार वाजून गेले होते. पहाटेच्या पाळीचा माणूस ह्या वेळी झोपून उठलेला असतो. अजूनही बोटांना सवयीनं आधी गट उघडायचा होता, नुसतं बघायला, आकडा कुठं गेला ते. तिनं बोटं रोखली. घंटी वाजत राहिली. उचलू नकोस, असं एक मन म्हणालं, आणि दुसऱ्यानं ते ऐकून घेतलं.

“बोल ताई.” आवाजात झोप नव्हती. मागे नळ चालू होता, भांड्यावर भांडं घासल्याचा आवाज होता. “मिळाला ना निरोप? येतेयस ना?”

ती म्हणाली, मिळाला. मग काहीतरी विचारायला हवं म्हणून, कोण भांडी घासतंय, असं विचारलं.

“तोच. आज लवकर आलाय घरी.” धाकटा आवाज खाली आणून म्हणाला, “का ते सांगत नाहीये. आल्यापासून घासतोय नुसता. धुतलेली पण घासतोय.”

जिन्यातल्या खिडकीतून उजेड येत होता, त्यात तो पांढरा धुरळा तरंगत होता, आणि तिच्या लक्षात आलं की तिला ते स्वयंपाकघर दिसत नाहीये. नेहमी दिसायचं, न बघितलेलंही दिसायचं, भिंतीच्या रंगासकट. आता नुसता नळ ऐकू येत होता. तिथं कोण कुठं उभा आहे, कुणाचा खांदा कसा आहे, काही नाही. दाराच्या बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येईल तेवढंच. कुणाला हे सांगता येणार नव्हतं. कुणासाठी हे लिहिता येणार नव्हतं.

“ताई?”

“मला एक सांगायचंय,” ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला ते वाक्य ओळखू आलं, इस्त्रीच्या गरम वासासकट. त्याला ओळखू आलं की नाही, कोण जाणे... पण तिला वाटलं की आलं; कुणी सांगितलं ते नऊ वर्षं त्याला ठाऊकच होतं, आणि तरीही तो रविवारी आला होता.

“सांग.”

तुला एकट्याला नाही, तिला म्हणायचं होतं. आधी त्याला सांगायला हवं, त्याला फोनवर बोलव. तिनं तोंड उघडलं. हाक मारायला जीभ टाळूला लागली आणि तिथंच राहिली, कारण तिथं काहीच नव्हतं. उंच होता, कोपर होतं, एकमेकांवर चढलेले दोन दात होते त्यांच्या नेमक्या छटेसकट, पाठ होती, पाठीवरची अक्षरं होती... दारात त्यानं सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं. आता आधी ते विचारावं लागणार होतं, ज्याचं घर आपण मोडलंय त्याचं नाव, आणि ते विचारताना बाकीचं सगळं सांगण्याआधीच सांगून झालेलं असणार होतं.

तिकडे नळ बंद झाला.

“अरे,” ती म्हणाली, “त्याचं नाव काय?”